शरियत बचाव, फॅमिली बचाव

राजोडीला माझे एक जुने मित्र राहतात. शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, धर्माने ख्रिस्ती, वडिलोपार्जित वाडीतली निम्मीच आता उरलेली. मी नालासोपाऱ्याचा. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी त्यांची मिस्सा आटोपली की मी रिक्षाने त्यांच्याकडे जातो आणि आम्ही ओट्यावर बसतो. किनारा जवळच आहे, सुरूच्या झाडांतून वारा येत राहतो. बोलणे बहुतेक वेळा टँकरच्या पाण्यापासून सुरू होते आणि कुठेही जाते.

मागच्या खेपेला सरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांची मुलगी टेक्सासमध्ये नर्स आहे. तिच्या ओळखीतल्या कुणीतरी तिला एका पाद्र्याच्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला होता आणि तिने तो वडिलांना. शाळांतून देव हद्दपार झाला, बायका घर विसरल्या, कुटुंबे मोडली, सरकार आपल्या पोरांना बिघडवते आहे. सर हसत म्हणाले, "डोळे मिटून ऐका आणि तुमच्या जुम्म्याच्या बयानापेक्षा यात वेगळे काय ते मला सांगा."

मला सांगता आले नाही.

मला तो व्हिडिओ नवा नव्हता. माझा भाचा मिशिगनमध्ये, डिअरबॉर्नजवळ राहतो. 2024 च्या निवडणुकीत त्याने ट्रम्प यांना मत दिले. कारण विचारले तर म्हणाला, "मामू, या लोकांना निदान फॅमिली म्हणजे काय ते कळते. आपल्याला सगळ्यात जवळचे तेच आहेत." त्याच्या मुलांच्या शाळेत कुठली पुस्तके लावावीत यावरून वाद चालू होता आणि त्या वादात त्याच्या बाजूला जे गोरे शेजारी उभे राहिले ते सगळे चर्चला जाणारे, ट्रम्पचे झेंडे लावणारे होते. मी त्याच्याशी भांडलो नाही. त्याचे वाक्य खोटे नाही. पण ही जवळीक कुणी घडवली, कशासाठी घडवली आणि तिचे बिल कुणाच्या नावावर फाटले, हे त्याला माहीत नाही. आपल्यालाही आपल्या बाबतीत ते फारसे माहीत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आपली वर्तमानपत्रे अमेरिकेतल्या या मंडळींना कधी 'उजवे' म्हणतात, कधी 'पुराणमतवादी'. दुसऱ्या शब्दामुळे असे वाटते की आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले काहीतरी हे लोक सांभाळत बसले आहेत. प्रत्यक्षात ही चळवळ माझ्या वडिलांच्या वयाची आहे. 1955 मध्ये विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक काढले. करविरोधी उद्योगपती, कम्युनिझमची धास्ती घेतलेले लोक आणि परंपरेचा कैवार घेणारे लेखक यांना एका पंगतीत बसवण्याचे काम तिथे सुरू झाले. 1964 मध्ये त्यांचा उमेदवार बॅरी गोल्डवॉटर सपाटून हरला. मिळाली फक्त सहा राज्ये. त्यातले एक त्याचे स्वतःचे अ‍ॅरिझोना आणि बाकीची पाच खोल दक्षिणेतली, जिथे गोऱ्यांना काळ्यांच्या बरोबरीने शाळेत, बसमध्ये, हॉटेलात बसणे मान्य नव्हते. गोल्डवॉटरने त्याच वर्षी नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिले होते, त्याचे हे फळ. हरलेल्या निवडणुकीतून पुढची वाट कुठून जाते ते हुशार लोकांना दिसले.

धर्म या गाडीत नंतर बसला. जेरी फॉलवेल हे व्हर्जिनियातले बाप्टिस्ट धर्मोपदेशक. 1965 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांचे मोर्चे निघत होते तेव्हा, त्यांनी प्रवचनात सांगितले होते की धर्मोपदेशकाचे काम राजकारण करणे नव्हे. चौदा वर्षांनी, 1979 मध्ये, त्याच फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली. मधल्या काळात काय झाले? बहुतेक जण सांगतात गर्भपात. 22 जानेवारी 1973 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि धार्मिक लोक खवळून उठले, अशी गोष्ट आहे. कॅथलिक चर्चच्या बाबतीत ती खरी आहे, त्यांचा विरोध जुना आणि ठाम होता. हे लिहिले नाही तर सर मला पुढच्या रविवारी ओट्यावर चढू देणार नाहीत. पण दक्षिणेतल्या बाप्टिस्टांच्या सर्वात मोठ्या संघटनेने 1971 मध्ये ठराव केला होता की बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी. त्यांना त्या काळात जास्त झोंबले ते वेगळेच. काळ्यांना दूर ठेवणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची करसवलत सरकारने काढायला घेतली होती. बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत गेली, खटला वर्षानुवर्षे चालला, 1983 मध्ये विद्यापीठ हरले. पॉल वेरिक या संघटकाने, ज्याने 1973 मध्ये 'हेरिटेज फाउंडेशन' उभारायला हात लावला, पुढे स्वतःच सांगितले की चर्चवाल्यांना राजकारणात खेचणारा मुद्दा हा होता. मात्र 'आमच्या शाळेत काळे नकोत' ही घोषणा 1979 मध्ये चालण्यासारखी नव्हती. 'कुटुंब वाचवा' ही चालण्यासारखी होती.

कुटुंब म्हटले की बाई आली. 22 मार्च 1972 ला अमेरिकन संसदेने स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती मंजूर केली. 38 राज्यांनी मान्यता दिली की ती घटनेत जाणार होती. 35 पर्यंत गाडी गेली आणि 1982 मध्ये मुदत संपली. तिला अडवणारी संघटक एक बाई होती, फिलिस श्लाफ्ली. सहा मुलांची आई. बाईची जागा घर आहे, हे सांगत ती देशभर फिरली. दोनदा काँग्रेसची निवडणूक लढली, वयाच्या पन्नाशीत कायद्याची पदवी घेतली. तिच्या सभांना येणाऱ्या बायका भाडोत्री नव्हत्या. नवऱ्याच्या कमाईवर जगणाऱ्या, उद्या तो सोडून गेला तर काय, या भीतीने आलेल्या बायका होत्या. भीती खरी होती. तिच्यावरचा इलाज मात्र भलत्याच दुकानातला होता.

मग 1980. एका बाजूला जिमी कार्टर, चर्चमध्ये रविवारची शाळा घेणारा बाप्टिस्ट. दुसऱ्या बाजूला रोनाल्ड रेगन. हॉलिवूडचा नट, घटस्फोटित, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना 1967 मध्ये गर्भपात सैल करणाऱ्या आणि 1969 मध्ये घटस्फोट सोपा करणाऱ्या कायद्यावर सही केलेला. 'कुटुंब वाचवा' म्हणणाऱ्यांनी रेगनला निवडून आणले. रेगनने काय दिले? 1981 मध्ये संपावर गेलेले अकरा हजारांहून जास्त विमान वाहतूक नियंत्रक एका फटक्यात कामावरून काढले. सर्वात श्रीमंतांवरचा 70 टक्के आयकर आधी 50 आणि मग 28 टक्क्यांवर आणला. चर्चवाल्यांना गर्भपाताचा निकाल फिरवून मिळायला 24 जून 2022 उजाडला, म्हणजे 1973 पासून 49 वर्षे. उद्योगपतींना मात्र पहिल्याच वर्षी हवे ते मिळाले. कुटुंबे कशाने मोडतात, हे ज्याने बंद गिरणीच्या चाळीत दिवस काढले आहेत त्याला मी सांगायला नको.

इथवर वाचून आपल्यातला एखादा म्हणेल, गोऱ्यांच्या भानगडी, आपल्याला काय. तर आता तारखा बाजूबाजूला ठेवून बघा. 27 आणि 28 डिसेंबर 1972. मुंबई. दत्तकविधानाचा कायदा सर्व धर्मीयांना लागू करणारे विधेयक संसदेत होते आणि त्याला विरोध करायला देशभरचे मुस्लिम धर्मपुढारी मुंबईत एकत्र आले. देवबंदी, बरेलवी, शिया, बोहरा, जमात-ए-इस्लामी. एरवी एकमेकांच्या मागे नमाज पढायला तयार नसलेली मंडळी एका मंचावर बसली. एप्रिल 1973 मध्ये हैदराबादेत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची स्थापना झाली. फॉलवेल यांनी पुढे बाप्टिस्ट, कॅथलिक आणि मॉर्मन यांना 'कुटुंबा'वर एकत्र आणले, ते या मानाने उशिराच म्हणायचे.

तुलना पूर्ण जुळत नाही, हे आधीच कबूल करतो. ते तिथे बहुसंख्य आहेत, आपण इथे अल्पसंख्य. 1970 मध्ये भिवंडी आणि जळगाव जळून तीन वर्षेही झाली नव्हती. ज्या समाजाच्या दुकानाची, घराची, जिवाची हमी नाही तो आपल्या निकाहनाम्याला घट्ट धरणारच. हे समजून न घेता त्याला मागासलेला म्हणणाऱ्यांची मला चीड येते. अमेरिकेतल्या त्या आघाडीचा सख्खा भाऊ हिंदुत्वाच्या राजकारणात सापडेल. 1949 मध्ये हिंदू कोड बिलाविरुद्ध सभा घेणारे आणि त्यासाठी आंबेडकरांना शिव्या घालणारे कोण होते, आणि चार दशकांनी मुस्लिम बाईच्या हक्कांचा पुळका कुणाला आला, हे एकदा लावून बघावे. पण शेजाऱ्याच्या घरातले बोट दाखवून आपल्या घरातले झाकता येत नाही.

आपल्या घरात दुसरा आवाज होता. 18 एप्रिल 1966 ला चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. सात. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. दलवाईंचे सगळेच मला पटत नाही. इस्लामच्या इतिहासाकडे बघण्याची त्यांची नजर मला कठोर वाटते, आणि मुस्लिम समाजाशी बोलण्यापेक्षा समाजाविषयी बाहेरच्यांशी बोलणे त्यांच्याकडून जास्त झाले असे माझे मत आहे. पण त्या सात जणी खऱ्या होत्या. मंडळाचे सय्यदभाई या कामात पडले ते स्वतःच्या बहिणीला तलाक मिळाला म्हणून.

मग 23 एप्रिल 1985. इंदूरच्या शाहबानो. 1932 मध्ये निकाह झालेला, पाच मुले, नवरा नावाजलेला वकील. उतारवयात घराबाहेर काढले आणि तलाक दिला. तिने महिना 500 रुपये मागितले होते. खालच्या कोर्टाने 25 दिले, उच्च न्यायालयाने 179 रुपये 20 पैसे. नवरा हे 179 रुपये 20 पैसे द्यायचे नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ते द्यावे लागतील असे सांगितले. निकालात कुरआनच्या आयतींचा अर्थ लावला, समान नागरी कायद्याची आठवण सरकारला करून दिली. यावर लोक दुखावले. 1984 च्या भिवंडी-मुंबईच्या दंगलीला वर्षही झाले नव्हते, तेव्हा ते दुखावणे मी खोटे म्हणणार नाही.

'शरियत बचाव'च्या सभा सुरू झाल्या. वर्षअखेरीस मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. मी बारा वर्षांचा होतो. आमच्या मोहल्ल्यातून माणसे लोकलने गेली, अब्बाही गेले. सकाळी त्यांचा डबा फुफीने बांधून दिला.

फुफी म्हणजे अब्बांची धाकटी बहीण. 1981 मध्ये दोन मुले घेऊन ती आमच्याकडे परत आली होती. मेहेर पाचशे रुपये होता, तोही पूर्ण मिळाला नव्हता. इद्दतीचा खर्च दिला, हिशेब मिटला, असे जमातीच्या माणसांनी अब्बांना सांगितले होते आणि अब्बांनी मान खाली घालून ऐकले होते. तिने पुढची तीस वर्षे परकर, उशांचे अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवले. त्या सकाळी ती काही बोलली नाही. अब्बा रात्री आले ते घसा बसलेला होता, खुशीत होते. इतकी माणसे त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ज्या माणसाने बहिणीला एक पैसा कमी पडू दिला नाही तो तिला पैसा मिळू नये म्हणून मोर्चाला गेला, हे मला समजायला फार वर्षे लागली. अब्बा वाईट नव्हते. 'आपले वाचवायचे आहे' असे त्यांना सांगितले गेले होते आणि त्या 'आपल्या'त फुफी आहे की नाही हे त्यांनी विचारले नाही. शाहबानो यांनीही त्याच नोव्हेंबरात निकाल नाकारत असल्याचे जाहीर केले. घरात, गल्लीत, मशिदीत रोज तोंड दाखवायचे असते त्या सत्तरीच्या बाईने दुसरे काय करावे?

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, पण क्रम ध्यानात ठेवावा. 1 फेब्रुवारी 1986 ला बाबरी मशिदीचे कुलूप उघडले गेले. मे 1986 मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तलाकशुदा मुस्लिम बायकांचा कायदा केला. एका हाताने यांना, दुसऱ्या हाताने त्यांना. 1987 मध्ये विलेपार्ल्याची पोटनिवडणूक शिवसेनेने हिंदुत्वाच्या नावावर जिंकली, 1989 मध्ये सेना-भाजप युती झाली, डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 ला मुंबईत जे झाले ते झाले आणि 1995 मध्ये युतीचे राज्य आले. हे सगळे शाहबानोमुळे झाले असे मी म्हणत नाही. ते लोक आपली तयारी कधीपासून करतच होते. पण त्यांना दाखवायला जे हवे होते ते आपण हातात दिले. आणि कायदा तरी टिकला का? 28 सप्टेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने त्याच 1986 च्या कायद्याचा अर्थ असा लावला की नवऱ्याने इद्दतीच्या आत बाईच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद केली पाहिजे. जुलै 2024 मध्ये तर कलम 125 चा दरवाजाही तिला खुला आहे असे स्पष्ट केले. वाचवले काय आपण? घालवले किती?

2018 च्या सुरुवातीला मालेगावात आणि मग मुंबईच्या आझाद मैदानात बुरख्यातल्या हजारो बायका तीन तलाकच्या विधेयकाविरुद्ध बसल्या. त्या विधेयकात नवऱ्याला तुरुंगात घालण्याची तरतूद होती आणि तिला माझाही विरोध होता, आहे. पण 2014 मध्ये महाराष्ट्रात मुसलमानांसाठी 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, मुंबई उच्च न्यायालयाने त्यातले शिक्षणापुरते चालू द्यायला मान्यता दिली आणि नव्या सरकारने अध्यादेश सरळ लॅप्स होऊ दिला. बहिणीची, मुलीची कॉलेजची जागा गेली. तेव्हा कुठल्या आलिमाने आझाद मैदान भरवले ते मला कुणी दाखवावे. कुटुंब वाचवायचे म्हणजे काय वाचवायचे, याची यादी कोण करतो त्यावर सगळे ठरते.

सरांना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या इथे यादी वेगळी निघाली, नशीब." ते फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबद्दल बोलत होते. राजोडीच्या शेजारच्या नंदाखालचे. त्यांनी हरित वसईच्या चळवळीत गावाला बिल्डर आणि टँकरवाल्यांविरुद्ध उभे केले. विहिरी, बावखले, पानाच्या आणि केळीच्या वाड्या वाचवा म्हणून. चर्च तेच, बायबल तेच. सगळे वाचले नाही, सरांच्या ओट्यावरून टॉवर दिसतात, बावखले बुजली आहेत. पण त्या लढ्यात बाईला गप्प बसवावे लागले नाही. मोर्चात पुढे बायकाच होत्या, पाणी त्यांनाच भरायचे होते.

भाच्याचे राहिले. त्याच्यापासून थोड्या अंतरावर हॅमट्रॅमॅक नावाचे छोटे शहर आहे. तिथली नगरपरिषद पूर्ण मुस्लिम. जून 2023 मध्ये तिने सरकारी जागांवर समलिंगींचा झेंडा लावायला बंदी केली आणि चर्चवाल्या उजव्यांनी टाळ्या वाजवल्या. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या येमेनी वंशाच्या महापौरांनी ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला. 2017 मध्ये ज्या सात मुस्लिम देशांवर ट्रम्प यांनी प्रवेशबंदी घातली होती त्यात येमेन होता, हे सगळ्यांना माहीत होते. आताचे वेगळे आहे, असे म्हणाले. 2000 मध्येही अमेरिकेतल्या मोठ्या मुस्लिम संघटनांनी बुशना पाठिंबा दिला होता, तेव्हाही फॅमिली व्हॅल्यूज हे एक कारण होते. वर्षभरात पेट्रियट अ‍ॅक्ट आला. जून 2025 मध्ये ट्रम्प यांनी नवी यादी काढली. बारा देश. येमेन त्यात पुन्हा आहे.

भाच्याच्या शेजारी एक येमेनी कुटुंब राहते. त्यांची आई तिकडे आहे, तिचा व्हिसा व्हायचा होता. शाळेच्या पुस्तकांच्या सभेला हेच दोघे एका गाडीतून जायचे. मी त्याला विचारले, "आईचे काय झाले?" दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले, "थांबले आहे मामू. बघू."

सभेला ते अजून एकत्र जातात का, हे मी पुढे विचारले. मेसेज त्याने वाचला आहे, निळ्या खुणा दिसतात.